पॉइंट २२ पिस्तूलचं मॅगझिन सारखं अडकतं. स्प्रिंग बदलू की अख्खं मॅगझिन? भरून ठेवल्याने स्प्रिंग बसते, म्हणजे ढिली पडते का?

सांगते, पण आधी मला सांगा, दरवेळी तेच मॅगझिन अडकतंय की कुठलंही? हे बघितलं नसेल तर अजून काही विकत घेऊ नका.

मी बालेवाडीला २५ मीटर पिस्तूल खेळायचे. रॅपिडच्या, म्हणजे झटपट फेरीला ७ सेकंद लाल दिवा, ३ सेकंद हिरवा, हिरव्यात एक, असे ५ शॉट, आणि नेमकं मधेच राउंडचं (काडतुसाचं) नाक खाली जाऊन अडकायचं, बाहेर काढला की शिशावर चपटा डाग. आमच्या तेव्हाच्या कोचचं एकच, मनगट ढिलं पडतंय, मुलींचं पडतंच. सगळ्यांसमोर. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला याच इव्हेंटमध्ये गोल्ड आणलंय, कोल्हापूरची मुलगी, तरी हे ऐकायचं. मी घरी पाण्याची बाटली धरून मनगटाचे व्यायाम करत बसले, फरक शून्य. मग एक दिवस सगळ्या मॅगझिनच्या बुडाला नेलपेंटचे ठिपके लावले, एक, दोन, तीन, आणि अडकलं की वहीत लिहायचं. सगळी बोंब दोन ठिपकेवाल्याची. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला तर त्याचे फीड लिप्स, म्हणजे तोंडाशी राउंड धरून ठेवणाऱ्या कडा, बाकीच्यांपेक्षा फाकलेले. कोचच्या हातात दिलं, त्यांच्याही हातात अडकलं. मनगट ढिलं असतं तर सगळ्याच मॅगझिनना त्रास झाला असता ना? यावर त्यांनी आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

तर लिप्स फाकले असतील किंवा कोपऱ्यात चीर दिसत असेल तर ते मॅगझिन बाद करा, सरावालाही ठेवू नका, आणि पकडीने दाबून देतो म्हणणाऱ्याच्या हातात तर अजिबात देऊ नका. लिप्स ठीक आहेत पण शेवटचे एकदोन राउंड दमाने वर येत नाहीत, तर मग स्प्रिंग, आणि ती त्याच कंपनीची. भरून ठेवल्याने चांगली स्प्रिंग फारशी बसत नाही, ती जाते सारखी दाबून-सोडून. आत तेल मारू नका. पॉइंट २२ चं मेण आणि काजळी त्याला चिकटून फॉलोअर (स्प्रिंगवरचा, राउंड वर ढकलणारा तुकडा) जड होतो, उघडून कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे. आणि भरताना वरच्या राउंडची रिम (बुडाची बाहेर आलेली कड) खालच्याच्या पुढे आहे ना, बघत जा.

हां, सगळीच मॅगझिन अडकत असतील तर मात्र एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस बाहेर ओढणारा हूक), राउंडचा लॉट आणि हो, ग्रिपसुद्धा बघावी लागेल, मनगटामुळे पिस्तूल अडकतच नाही असं मी म्हणत नाही, पुरावा नसताना मनगटावर ढकलू नका एवढंच. आणि स्प्रिंग बसत नाही म्हणून घरी भरलेलं मॅगझिन ठेवू नका, तो सेफ्टीचा विषय वेगळा आहे. नवीन मॅगझिन लायसन्सवाल्या डीलरकडूनच घ्या, इम्पोर्टेड असेल तर थांबावं लागतं, म्हणून मॅचच्या तोंडावर नाही, आत्ताच सांगून ठेवा.