तोरिनोला शिकायला निघालात? मग तिथे कुणाचा शिक्का चालतो ते आधी बघा

तुमचा प्रश्न असा, की सप्टेंबरमध्ये इटलीतल्या तोरिनोला (ट्युरिनला) मास्टर्ससाठी जायचंय, तर एक काम पोलिसांत, दुसरं नगरपालिकेत, तिसरं आणखी कुठे असं का, आणि तिथला राजकीय इतिहास वाचून काही उपयोग होईल का. होईल. कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते इतिहासानेच ठरवलंय.

सावरकरांमुळे मराठी घरांत इटली म्हणजे तिथला क्रांतिकारक मॅझिनी. पण तुमची गाठ पडणार ते राज्य त्याचं नव्हे. त्याला प्रजासत्ताक हवं होतं. १८६१ मध्ये आली राजेशाही, आणि १८७२ मध्ये तो पिसा शहरात खोट्या नावाने राहत असताना वारला. राज्य बांधलं ते तोरिनोच्या दरबाराने, म्हणजे साव्होय घराणं, पंतप्रधान काव्हूर आणि पिएमोंतेचे (तोरिनोच्या भोवतालच्या प्रदेशाचे) कारकून यांनी. एकसंध इटलीचा पहिला राजा स्वतःला आपल्या जुन्या राज्याच्या क्रमाने 'व्हित्तोरिओ एमान्वेले दुसरा'च म्हणवत राहिला, यावरून कोण कुणात विलीन झालं ते कळतं! १८६५ मध्ये पिएमोंतेची प्रशासनपद्धत देशभर लागू झाली आणि प्रत्येक प्रांतात केंद्राचा प्रिफेक्ट बसला. आपला जिल्हाधिकारी डोळ्यांपुढे आणा. प्रेफेत्तूरा, म्हणजे प्रिफेक्टचं कार्यालय, आणि पोलिसांची क्वेस्तूरा ही आजही केंद्राचीच कार्यालयं. शहरं मात्र या राज्याहून कितीतरी जुनी. मध्ययुगात स्वतःचे तट आणि नाणी असलेल्या नगरांचा 'कोमूने' हा शब्द आजच्या नगरपालिकेलाही आहे. तिसरा मालक म्हणजे रेजिओने, आपल्या भाषेत राज्य सरकार. १९४८ च्या राज्यघटनेत ती होती, पण बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात आली १९७० मध्ये. आरोग्यसेवा तिच्याकडे.

आता कामं. निवासपरवाना, म्हणजे पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो, केंद्राचा. इटलीत पोचल्यापासून कामाच्या ८ दिवसांत अर्ज. 'स्पोर्तेल्लो आमिको' पाटी असलेल्या पोस्टात पिवळ्या पट्ट्याचं पाकीट फुकट मिळतं. ते भरून उघडंच न्यायचं, चिकटवायचं नाही. तंबाखूच्या दुकानातून १६ युरोचं मुद्रांक तिकीट, पोस्टाचे ३० युरो, आणि वर्षभरापर्यंतच्या परवान्यासाठी ७०.४६ युरोचं चलन. पासपोर्टच्या प्रती जोडा. पोस्टाची पावती जिवापाड जपा, परवान्याचं कार्ड हाती येईपर्यंत कायदेशीर राहत असल्याचा तोच पुरावा. पक्कं घर मिळेपर्यंत थांबू म्हणणारे इथेच फसतात. मुदत घरासाठी थांबत नाही.

कोदिचे फिस्काले, म्हणजे करक्रमांक, अक्षरं आणि अंक मिळून १६ चिन्हांचा. तो आडनाव, नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळावरून बनतो. भारतात जन्मलेल्यांच्या क्रमांकात सहसा 'झेड२२२' असतं. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल, किंवा वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही असं असेल, तर दोन कार्यालयांत दोन वेगळे क्रमांक पडू शकतात. मग बँक अडते, भाडेकरार अडतो. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच सगळीकडे लिहा.

रहिवासाची नोंद कोमूनेत. अर्जानंतर ४५ दिवसांत नगरपालिकेचा पोलीस खरोखर घरी येऊन बघतो. बेलवर तुमचं नाव नसेल तर नोंद नाकारली जाऊ शकते, म्हणून चिठ्ठी तरी चिकटवा. काही कोमूने विद्यार्थ्यांची नोंद पावतीवर करतात, काही कार्डच मागतात. मिलानोतल्या मित्राचं ऐकून तोरिनोत भांडू नका.

आरोग्यसेवेत विद्यार्थ्यांची ऐच्छिक नोंदणी २०२४ पासून वर्षाला ७०० युरो. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे ऑक्टोबरमध्ये भरलेत तरी पूर्ण पैसे देऊन तीनच महिने मिळतात. पहिले तीन महिने खासगी विमा काढणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. कार्यालयाचं नाव पिएमोंतेत 'आ-एसे-एल्ले', सिसिलीत 'आ-एसे-पी'.

पुढे तिथेच राहायचं झालं तर नागरिकत्वासाठी १० वर्षांचा सलग नोंदलेला रहिवास लागतो. तो ५ वर्षांवर आणायचं सार्वमत जून २०२५ मध्ये पुरेसं मतदान न झाल्याने पडलं. १९९२ चा कायदा रक्ताच्या नात्याला झुकतं माप देतो, कारण हा देश स्वतःच लाखोंनी परदेशी गेलेल्यांचा. २०२५ मध्ये तेही दोन पिढ्यांपुरतं आवळलं. घर बदललंत की २० दिवसांत कळवा. नोंदीत खंड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

सुट्ट्यांचंही तसंच. २५ एप्रिल हा फॅसिझममधून मुक्तीचा दिवस (१९४५ मधल्या त्याच महिन्यात सेनिओ नदीवर मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला) आणि २ जून हा १९४६ च्या प्रजासत्ताकाच्या कौलाचा. हे दोन्ही दिवस देशभर सरकारी कार्यालयं बंद. पण नगराच्या रक्षक-संताची सुट्टी ज्याची त्याची. तोरिनोत २४ जून, मिलानोत ७ डिसेंबर. मिलानोतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात काम असेल तर तारीख घेताना तिथलं कॅलेंडर बघून घ्या.