दाते-कर्वे कोशाचा जुना संच साडेचार हजारांना घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की मराठीत पीएच.डी.ला नुकतीच नोंदणी झाली आहे, विषय जुन्या गद्याचा, हाताशी पाच हजार आहेत आणि एका जुन्या पुस्तकवाल्याकडे दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चा संच साडेचार हजारांना मिळतोय, तर घेऊ का.

लगेच नको. कोश वाईट आहे म्हणून नव्हे. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत जे करून ठेवलंय त्याला अजून पर्याय नाही. पण तो आख्खा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. शेजारीच मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. महानुभाव वाङ्मय, शिलालेख असलं काही वाचणार असाल तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच आहे. अर्थ इंग्रजीत, पण शब्द कुठे आलाय त्याचे दाखले पक्के.

आता खरी मेख. हे कोश जुन्या लेखनातले. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, कोशात ते शाबूत आहेत. 'करणे' सापडलं नाही तर 'करणें' टाकून बघा. 'काही' नव्हे, 'कांहीं'. जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी, तेव्हा अनुस्वार द्यायचा राहिला की तुम्ही थेट पाण्यात.

मोल्सवर्थ इंग्रजीत अर्थ देतो म्हणून आपल्याकडचे बरेच विद्यार्थी त्याला हात लावत नाहीत. तो जरूर वापरा, दुसरी आवृत्ती, १८५७ची. शब्दापुढच्या कंसात तो संस्कृत, फारसी, अरबी असं मूळ एका अक्षरात सांगतो, आणि त्या एका अक्षरावर कधीकधी अख्खं वाक्य उलगडतं. माझंच सांगते. प्रबंधाच्या पहिल्या वर्षी पेशवाईतली कागदपत्रं वाचताना 'मौजे मजकूर' सारखं यायचं. मजकूर म्हणजे लिहिलेलं, एवढंच मला ठाऊक. मग हे गावाचंच नाव असणार असं ठरवून आठ दिवस मी नकाशात मजकूर नावाचं गाव शोधत होते! शब्द अरबी, 'जिक्र'च्या घरातला. अर्थ 'ज्याचा उल्लेख झाला तो'. मौजे मजकूर म्हणजे सदरहू गाव. मार्गदर्शकांना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' घ्या. शब्दाचं सामान्यरूप लगेच दिसतं, आणि प्रबंध टाइप करताना रात्री अकराला तेच लागतं. भाषा संचालनालयाचा 'साहित्य समीक्षा परिभाषा कोश' शासकीय ग्रंथागारात विचारून बघा, सरकारी प्रकाशनं स्वस्त असतात. विश्वकोशाचे वीस खंड घरात आणायच्या फंदात पडू नका, तो संकेतस्थळावर आहे.

एवढं सांगूनही संच घ्यावासा वाटत असेल (मला वाटला होता, त्यामुळे समजू शकते) तर दुकानात तासभर बसायची तयारी ठेवा. मी अंधारात, घाईत, एका दुकानातून संच उचलला. घरी आल्यावर कळलं की 'प' असलेल्या खंडात एक फॉर्म (एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं) दोनदा शिवलाय आणि पुढची सोळा पानं गायब. दुकानदार म्हणाला, जुना माल परत नाही. तेव्हा प्रत्येक खंडाचे पृष्ठक्रमांक सोळा-सोळाच्या टप्प्याने चाळा. कणा वाकवून शिवण बघा; पानाचा कोपरा हलकेच दुमडल्यावर तुटला तर कागद संपलाय, तो संच रोज हाताळायच्या कामाचा नाही. पुरवणी खंड सोबत आहे का विचारा. बहुतेक नसतो, आणि तिथेच भाव उतरवायला जागा मिळते. सगळं नीट असेल तर साडेतीनपासून बोलायला सुरुवात करा.