पर्यटनाचा देशाच्या अर्थव्यवस्थेवरचा परिणाम नेमका मोजतात कसा?

गोम अशी की राष्ट्रीय हिशोबात ‘पर्यटन’ नावाचा वेगळा उद्योगच नाही. हॉटेल, रेल्वे, दुकानं यांचे आपापले रकाने. आता सिंहगडावर शेजारी बसून पिठलं-भाकरी खाणारे दोघे घ्या. नागपूरहून फिरायला आलेला पर्यटक ठरतो. दर रविवारी गड चढणारा कोथरूडकर नाही, कारण गड त्याच्या नेहमीच्या वावरातला. भाकरीवाल्या मावशींना दोघांच्या नोटा सारख्याच!

म्हणून ‘पर्यटन उपग्रह लेखा’, म्हणजे मुख्य राष्ट्रीय हिशोबाला जोडलेला पूरक हिशोब, मांडतात. पर्यटकांच्या खर्चाची पाहणी करून प्रत्येक उद्योगातला त्यांचा वाटा वेगळा काढायचा. भारताचा पहिला लेखा २००२-०३ सालचा. पीठ-दही पुरवणाऱ्यांपर्यंत झिरपणारा अप्रत्यक्ष वाटा मात्र गुणकांनी, म्हणजे एका रुपयाच्या खर्चामागे इतरत्र किती उलाढाल होते त्या प्रमाणांनी, काढतात. बातमीतला आकडा फारच मोठा दिसला, तर त्यात तोही धरलाय का, ते आधी बघा.