सांधा कुठे आहे?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. सकाळी फोन उघडला की युद्ध, उष्णतेची लाट, महागाई, नवी साथ आणि नोकऱ्या गिळणारी यंत्रे एकदम अंगावर येतात आणि कशाचाच अर्थ लागत नाही, असे तू लिहिले आहेस. ‘धीर धर’ असे मी सांगणार नाही. त्या शब्दांनी कोणाला धीर आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या अवस्थेला हल्ली ‘बहुसंकट’ म्हणतात. शब्द वाईट नाही, पण त्याने एक आळस अंगी मुरतो. सगळे सगळ्याशी जोडलेले आहे असे एकदा म्हटले की पुढे काही शोधण्याची गरजच उरत नाही. म्हणून दोन संकटे जोडलेली आहेत असे कोणी म्हणाले, की त्यांचा सांधा नेमका कुठे आहे, एवढेच विचारायची सवय लावून घे.

श्रीलंकेचे उदाहरण घे. एप्रिल २०१९ मधल्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटकांना पळवले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणून स्वतःच्याच तिजोरीला भोक पाडले. मग कोविड आला आणि उरलेसुरले पर्यटनही बसले. डॉलर आटत असताना २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी आली. भाताचे पीक घटले, चहाला फटका बसला, आणि नोव्हेंबरमध्ये ही बंदी मागे घेतली गेली तेव्हा हंगाम हातचा गेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि तेल भडकले, पण ते विकत घ्यायला डॉलर कुठून आणायचे? एप्रिलमध्ये सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवली आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. या साखळीतल्या बहुतेक कड्या डॉलर नावाच्या एकाच खिळ्यावर टांगलेल्या होत्या. तो खिळा दिसला की गोंधळाची गोष्ट होते. आणि गोष्ट झाली की कोणती कडी नशिबाची आणि कोणती माणसांनी स्वतःच्या हाताने घडवलेली, हेही वेगळे दिसू लागते. करकपात आणि खतबंदी आकाशातून पडलेल्या नव्हत्या.

याच्या उलट प्रकारही असतो. २०२३ च्या अखेरीस पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजांची संख्या कमी करावी लागली, आणि त्याच महिन्यांत सुएझचा रस्ता टाळून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. मालवाहतुकीची दोन्ही नाकी एकदम आवळली गेली, तेव्हा कोणालाही यामागे एकच हात असल्याची शंका यावी. पण पनामाची लॉक्स, म्हणजे पाणी भरून जहाजे वर-खाली नेणारे कप्पे, पावसावर भरणाऱ्या गातून तलावाच्या पाण्याने चालतात आणि त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, तर सुएझकडे जाणाऱ्या तांबड्या समुद्रात येमेनमधले हूथी बंडखोर जहाजांवर हल्ले करत होते. जहाजांच्या भाड्यापुरती दोन्ही संकटे एकत्र आली, कारणांत त्यांची भेट झाली नाही. मला वाटते, तुझ्या मनातल्या भीतीचा बराच भाग अशा गर्दीचा आहे, गुंत्याचा नाही.

वेगाचेही पाहा. फोनवर सगळ्या बातम्या एकाच आकाराच्या चौकटीत येतात, त्यामुळे त्या एकाच वेगाने घडतात असा भास होतो. ओझोनच्या थराला अंटार्क्टिकावर पडलेले छिद्र १९८५ मध्ये जगापुढे आले, दोन वर्षांत ओझोनला मारक रसायने आवरणारा माँट्रियल करार झाला, आणि तो थर अजूनही सावरतोच आहे. अंटार्क्टिकावर तो पूर्ववत व्हायला साधारण २०६६ साल उजाडेल. असा विषय दर तासाला तपासून काही कळत नाही, वर्षातून एकदा नीट वाचून कळते. शेअर बाजाराचे उलट आहे, पण तुला त्याच्याशी सध्या काही कर्तव्य आहे असे दिसत नाही.

तेव्हा या महिन्यात एकच धागा निवड. खत घे, गहू घे, विजेचे बिल घे. आवडीचा असला की पुरे. तो कुठून निघतो, कोणत्या बंदरातून जातो, त्याचा भाव कोण ठरवतो, आणि गेल्या पाच वर्षांत तो कुठे कुठे तुटला, हे एका पानावर तारखांसह लिही. जिथे तुझे वाचन थांबले तिथे मोकळी जागा सोड, ती अंदाजाने भरू नकोस. पान झाले की मला पाठव. मोकळ्या जागा मी आधी वाचेन.

तुझा शुभचिंतक