इंग्रजीत 'येन' म्हणजे जपानी चलनही आणि तीव्र ओढही. हा एकच शब्द आहे का?

नाही, हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत त्यांचं स्पेलिंग आणि उच्चार योगायोगाने सारखे झाले. चलनाचा येन 'गोल' या अर्थाच्या चिनी अक्षरावरून आला. नाणी गोल, म्हणून हे नाव. चीनचा युआन आणि कोरियाचा वॉन हे त्याचेच भाऊबंद. जपानने 1871 मध्ये येन हे अधिकृत चलन केलं. गंमत म्हणजे आज जपानी माणूस त्याला 'एन' म्हणतो. सुरुवातीचा 'य' जुन्या रोमन लेखनातून इंग्रजीत राहून गेला.

ओढीचा 'येन' मात्र अफूच्या धुरातून आलाय. बहुतेक शब्दकोश त्याचं मूळ कँटोनीज या दक्षिण चीनमधल्या भाषेतल्या, व्यसनाची तलफ या अर्थाच्या शब्दात सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अफूबाजांच्या बोलीत तो रुळला आणि पुढे अर्थ सौम्य होत प्रवासाची, गोडाची, कशाचीही अनावर इच्छा असा झाला. मराठीत मला 'तलफ' हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तोही व्यसनापासून चहापर्यंत चालतो.

फक्त एक आहे: इंग्रजीत ओढ या अर्थाच्या 'यर्न' या क्रियापदाशी असलेल्या साम्यामुळे हा शब्द रुजायला मदत झाली असावी, पण त्याचं मूळ तिथे नाही. ('येन केन प्रकारेण'मधला येन संस्कृत सर्वनाम आहे, त्याला यात ओढू नका.)