ग्लुटामाइन पावडर घेतली तर मेंदूतलं ग्लुटामेट वाढतं का?

तुम्ही विचारलंय की जिममध्ये घेतात ती ग्लुटामाइन पावडर किंवा अजिनोमोटो (ग्लुटामेटचंच मीठ) पोटात गेल्यावर मेंदूतलं ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशी एकमेकींना संदेश द्यायला वापरतात तो रेणू, वाढून स्मरणशक्ती सुधारते का.

नाही सुधारत. आहारातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच इंधन म्हणून जाळतात. उरलंसुरलं रक्तात आलं, तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा त्याला सहसा आत शिरू देत नाही. मेंदू स्वतःचं ग्लुटामेट ग्लुकोजपासून बनवतो आणि तेच पुन्हा पुन्हा वापरतो.

खरी गंमत या पुनर्वापरात आहे. चेतापेशीच्या टोकाशी असलेल्या एकेका पुटिकेत (इवल्याशा पिशवीत) ग्लुटामेटचे काही हजार रेणू असतात. ते बाहेर पडले की पुढच्या पेशीला संदेश जातो, पण त्यांना तिथून लगेच हटवावं लागतं. रेंगाळले तर पुढच्या पेशीत कॅल्शियम शिरत राहतं आणि ती मरू शकते. हे उचलण्याचं काम मुख्यतः शेजारची आधारपेशी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट करते. ग्लुटामेटचा 1 रेणू आत घेताना 3 सोडियम आयन आणि 1 प्रोटॉन आत येतात, 1 पोटॅशियम बाहेर जातो. हे 3 सोडियम परत बाहेर काढायला पेशीच्या पंपाला 1 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतो. मग ग्लुटामाइन सिंथेटेज हे विकर (एन्झाइम) आणखी 1 एटीपी खर्चून ग्लुटामेटला अमोनिया जोडतं, की झालं ग्लुटामाइन. ते संदेश देत नाही, त्यामुळे पेशींमधल्या जागेतून बिनधोक चेतापेशीकडे जातं. तिथे ग्लुटामिनेज हे विकर तो अमोनिया काढून टाकतं आणि ग्लुटामेट परत हजर.

1998 मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने उंदरांच्या मेंदूत कार्बन-13 एनएमआरने (खुणेच्या कार्बन अणूंचा चुंबकाच्या मदतीने माग काढणाऱ्या पद्धतीने) हे मोजलं. या चक्राचा वेग जितका वाढला, जवळपास तितकंच ग्लुकोजचं ज्वलनही वाढलं. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के असूनही दिवसाला सुमारे 100 ते 120 ग्रॅम ग्लुकोज का वापरतो, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की एटीपी संपतो, सोडियम आत साचतो, आणि ग्लुटामेट आत ओढणारे वाहक उलटे चालून तेच ग्लुटामेट बाहेर ओततात.

चक्रातून थोडं ग्लुटामेट जळूनही जातं. ती तूट भरायला पायरुवेट कार्बोक्सिलेज हे विकर लागतं. मेंदूत ते मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये असतं, त्यामुळे चेतापेशीला एकटीने ही भरपाई करता येत नाही.

ज्यांना सिरोसिस (यकृत निबर होण्याचा आजार) आहे त्यांनी मात्र ग्लुटामाइन पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. आतडं ग्लुटामाइनमधून अमोनिया सोडतं. आजारी यकृताला तो आवरत नाही, रक्तातून मेंदूत जातो. तिथे अ‍ॅस्ट्रोसाइट त्याचं ग्लुटामाइन करत राहते, ते साचून पाणी ओढतं, पेशी फुगतात. आधी झोपेचं वेळापत्रक बिघडतं, मग बोलण्यात गोंधळ होतो, हात फडफडतात.