'लागणे' शिकवताना अर्थांची यादी द्यावी का?

प्रश्न असा आहे की मराठी शिकणाऱ्या मोठ्या माणसांना 'लागणे' कसं शिकवायचं, भूक लागते, वेळ लागतो, ठेच लागते, नोकरी लागते, शिवाय 'डोळा लागला' सारखे वाक्प्रचार, तर सगळ्या अर्थांची एक लिस्ट करून दिली तर चालेल का.

मी तरी देणार नाही. लिस्ट पाठ होते आणि बोलायच्या वेळी त्यातलं काहीच तोंडात येत नाही. हां, मूळ जरूर सांगा, संस्कृत लग् म्हणजे चिकटणे, 'लग्न' पण त्यातलंच, म्हणजे मग सवय, नाद, भूक माणसाला येऊन चिकटते हे पटकन डोक्यात बसतं, 'ती माझी मावशी लागते' सुद्धा त्यात बसवता येतं.

पण शिकणारा अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. 'तो धावायला लागला' म्हणजे त्याने धावायला सुरुवात केली, आणि 'त्याला धावायला लागलं' म्हणजे इच्छा असो नसो, धावणं भाग पडलं. 'तो' चा 'त्याला' झाला, 'लागला' चं 'लागलं' झालं की अर्थ पार बदलला, आणि आपण हे लहानपणापासून बोलतो त्यामुळे इथे काही शिकवण्यासारखं आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. म्हणून ही दोन वाक्यं कायम जोडीने द्या.

डोळ्याचंही तेच. डोळा लागला, म्हणजे झोप. डोळ्याला लागलं, म्हणजे इजा. वाटेकडे डोळे लागले, म्हणजे कुणाची तरी आतुरतेने वाट बघणं चाललंय. त्यात परत 'डोळा लागला' ही झोप बहुतेक वेळा थोडीशीच असते, 'जरा डोळा लागला होता तेवढ्यात फोन वाजला' असं आपण म्हणतो, 'आठ तास डोळा लागला' असं कोणी म्हणत नाही. रात्रभर म्हणायचं तर वाक्य नकारी होतं, 'रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही'. त्यामुळे 'डोळा लागणे = झोप येणे' एवढंच वहीत लिहून दिलं की विद्यार्थी हमखास चुकणार, तो 'जरा' आणि 'तेवढ्यात' सकट अख्खं वाक्यच द्यायला हवं.

क्रम म्हणाल तर आधी भूक, तहान, वेळ, लगेच 'जावं लागतं' कारण ते रोज लागतं, आणि 'बोलू लागला' हे जास्त करून लिखाणात येतं तेव्हा ते वाचनाबरोबर आलं तरी चालेल.